चहा ढवळायला जपानला कशाला?

"काकू, म्हणजे तीन आठवडे तिकडे जाऊन शेवटी तुम्ही चहाच ढवळलात ना?"

प्रश्न माझ्या पुतण्याचा. गणपतीत सगळे जमलो होतो, मोदकांचा दुसरा घाणा उतरायचा होता, तेवढ्यात त्याने हे विचारलं. सगळे हसले. मीही हसले, कारण चहा ढवळला हे खरंच होतं. मला उत्तर नेहमी उशिरा सुचतं. (म्हणूनच तर हा ब्लॉग आहे.) आणि एवढ्याशा थट्टेला काय उत्तर द्यायचं, असं म्हणून मी तो विषय सोडूनही दिला होता.

पण मागच्या आठवड्यात एक ईमेल आली आणि पुतण्याचा प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. या वेळी तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. म्हणून ही लांबलचक नोंद. ज्यांना भांडण आवडत नाही त्यांनी इथेच थांबावं.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मी निवृत्त शिक्षिका. तेहतीस वर्षं मराठी शिकवलं. माझं स्वतःचं शिक्षण, अगदी बीएसुद्धा, मराठी माध्यमातून. नात जपानी शिकत होती तेव्हा तिची पुस्तकं चाळता चाळता पासष्टीनंतर मीही शिकायला लागले. जेएलपीटी म्हणजे जपानी भाषेची जी परीक्षा असते तिच्या पाच पायऱ्या आहेत. सगळ्यात खालची एन-५, सगळ्यात वरची एन-१. मी दोन पायऱ्या चढले आणि धापा टाकत एन-४ वर बसले. नात एन-२ झाली आणि नोकरीसाठी नागोयाला गेली. २०२५ च्या जुलैत तिच्याकडे गेले होते, त्यातले तीन आठवडे कानाझावा या गावी एका भाषाशाळेच्या उन्हाळी वर्गात काढले. वर्गात आम्ही चौदा जण. तेरा जणांच्या वयाची सरासरी काढली तर बावीस-तेवीस आली असती. चौदावी मी, बहात्तर.

वर्गाचं वेळापत्रक असं: सकाळी नऊ ते बारा भाषा, दुपारी दीड ते साडेतीन 'पारंपरिक संस्कृती'. सकाळी व्याकरण, वाचन, संवाद. दुपारी चहाविधी, ब्रशने अक्षरं काढणं, आणि इतर बरंच काही. त्या 'इतर बरंच काही'वर मी पुढे येणार आहे, कारण तिथे माझी शाळेवरही तक्रार आहे.

आता ईमेल. शाळेने कळवलंय की यंदाच्या उन्हाळ्यापासून दुपारचे तास ऐच्छिक. त्या वेळेत ज्यांना हवी त्यांना जेएलपीटीची तयारी करून देणार. कारण काय, तर विद्यार्थ्यांची मागणी. 'संस्कृतीची ओळख' ज्यांना करून घ्यायची असेल त्यांच्यासाठी शनिवारी एक सहल.

वाचलं आणि मला माझ्याच शाळेतली एक सही आठवली. तेही पुढे सांगते.

आधी पुतण्याचा युक्तिवाद नीट मांडते, नाहीतर म्हणेल काकूंनी सोयीचं तेवढं घेतलं. तो म्हणतो, भाषा हे साधन आहे. जपानी येत असेल तर नोकरी मिळते, पगार वाढतो, त्याला प्रमाणपत्र लागतं. तीन आठवडे ही थोडकी मुदत. त्यात चहा आणि शाई यांत अर्धा दिवस घालवणं म्हणजे सहलीला अभ्यास म्हणणं. चहाविधी पाहायचाच असेल तर यूट्यूबवर आहे. आपल्या ब्लॉगर मंडळींपैकी एकाने तर मला कळवलं की असे उन्हाळी वर्ग म्हणजे हौशी लोकांचं पर्यटन, फक्त सोबत वही असते एवढंच.

यात खरं किती आहे? बरंच आहे. पुण्यात जपानी शिकणारी पोरं मी जवळून पाहिली आहेत. दुपारची नोकरी, संध्याकाळचा क्लास, बसमध्ये कांजीची कार्डं. त्यांच्या घरी कर्जाचे हप्ते असतात. त्यांनी परीक्षा द्यावी, जरूर द्यावी, आणि पहिल्या झटक्यात पास व्हावी. त्यांना चहाचं सौंदर्य ऐकवायला जाण्याइतकी मी निर्दय नाही.

पण मग माझा साधा प्रश्न आहे. परीक्षेचीच तयारी करायची तर कानाझावाला कशाला जायचं? ती सदाशिव पेठेत उत्तम होते! शिक्षक चांगले आहेत, जुन्या प्रश्नपत्रिका आहेत, चहाही वेलची घातलेला मिळतो. जे पुण्यात होतं तेच करायला विमानाचं तिकीट काढायचं, आणि जे पुण्यात होऊच शकत नाही ते ऐच्छिक ठेवायचं, यात कुठला हिशेब आहे ते पुतण्याने मला समजावून सांगावं. तो हिशेबाचा माणूस आहे.

आणि ही परीक्षा तरी काय विचारते? शब्द, व्याकरण, वाचन, ऐकणं. दिलेल्या पर्यायांतून एक निवडायचा आणि गोल काळा करायचा. बोलायचं नाही. लिहायचं तर मुळीच नाही. एक अक्षर हाताने न काढता, एक वाक्य तोंडाने न उच्चारता माणूस एन-१ होऊ शकतो. परीक्षेला मी वाईट म्हणत नाही. जे मोजायचं ठरवलंय ते ती चोख मोजते. पण ती मोजत नाही ते नसतंच, असं समजायला लागलो की घोटाळा.

सकाळच्या तासांत मी हुशार होते. हे आत्मप्रौढी म्हणून सांगत नाही, श्रेय मराठीचं आहे. जपानी वाक्याची रचना आपल्यासारखीच, क्रियापद शेवटी. 'कारा' म्हणजे पासून, 'मादे' म्हणजे पर्यंत, आणि दोन्ही नामाच्या मागेच लागतात. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणे, त्यात 'मिरु' म्हणजे बघणेच. 'कात्ते ओकु' म्हणजे विकत घेऊन ठेवणे, 'ओकु' म्हणजे ठेवणे. पाठ्यपुस्तक हे इंग्रजीतून समजावताना पान-दीड पान खर्च करतं आणि माझ्या शेजारची ब्राझीलची मुलगी डोक्याला हात लावून बसते. मला एका ओळीत कळलं. उच्चारांचंही तसंच. 'त्सु' म्हणताना सगळे अडखळत, मी 'चुलीतला च' लावला आणि सेन्सेई खूश. त्यांची अक्षरमालासुद्धा आ, इ, उ, ए, ओ अशी चालते, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम भारतीय वर्णमालेच्या अभ्यासातून तिकडे रुजला, बौद्ध भिक्षूंच्या हातून.

(हे सांगितलं की आपले नातेवाईक लगेच म्हणतात, "म्हणजे सगळं आपल्याकडूनच गेलंय!" अहो, क्रम गेला. त्या क्रमावर त्यांनी हजार वर्षं स्वतःचं घर बांधलं. पायरीचा दगड आपला होता म्हणून घरात शिरल्यावर पाहुण्यासारखं वागायचं नाही का?)

तर सकाळी मी हुशार, आणि दुपारी ढ. दुपारच्या पहिल्याच तासाला माझी सगळी हुशारी उतरली.

चहाच्या बाई माझ्याहून वयाने मोठ्या. (त्यांना सगळे सेन्सेई म्हणत, मी मनात 'बाई'च म्हणायचे. आमच्या शाळेत तीच पदवी होती.) त्यांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली. समोर चहाचा वाडगा आला की तो लगेच स्वतःपुढे ओढायचा नाही. आधी आपण आणि शेजारचा पाहुणा यांच्या मध्ये ठेवायचा, शेजाऱ्याला वाकून म्हणायचं 'ओसाकि नि', म्हणजे 'तुमच्या आधी घेते'. मग तो आपल्या गुडघ्यांपुढे ठेवून यजमानाला म्हणायचं 'ओतेमाए च्योदाई इताशिमास'. मग उचलायचा, किंचित वर नेऊन मान झुकवायची, वाडग्याची दर्शनी बाजू ओठांशी येऊ नये म्हणून तो फिरवायचा आणि मग प्यायचा.

शब्द मला सगळे येत होते. पण मी 'ओसाकि नि' म्हटलं ते वाडगा ओढता ओढता. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी वाडगा परत मध्ये ठेवला आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा तसंच. चौथ्या वेळी मला कळलं की हात थांबल्याशिवाय ते वाक्य पुरं होत नाही.

त्या रात्री नातीला फोनवर सांगितलं तर ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "आजी, ऑफिसातून निघताना मी रोज हेच म्हणते. ओसाकि नि शित्सुरेई शिमास. बॅग खांद्याला, दाराकडे चालत चालत. सहा महिने झाले तरी कोणी धड उत्तर देत नाही, मला वाटायचं मी परकी म्हणून असेल." दुसऱ्या दिवशी तिने खुर्चीमागे थांबून, शेजाऱ्याकडे बघून म्हटलं. उत्तर आलं. शेजारच्या वयस्क गृहस्थांनी तर मान वर करून उद्याच्या पावसाबद्दल दोन वाक्यं जादा बोलून घेतली. एन-२ झालेल्या मुलीला ते वाक्य माहीत नव्हतं असं नाही. वाक्य बरोबरच होतं. माणूस मात्र बोलता बोलता निघालेला होता.

आता मला सांगा, हा भाषेचा तास की संस्कृतीचा?

अजून एक. 'इतादाकु' हे क्रियापद. घेणं, खाणं, पिणं, मिळणं या सगळ्याचं नम्र रूप. जेवणाआधी 'इतादाकिमास' म्हणतात ते यातलंच. पाठ्यपुस्तकात त्याचा एक तक्ता आहे, कोण देतो, कोण घेतो, वरचा कोण, खालचा कोण, बाणांसकट. तो तक्ता मी पुण्यात तीनदा पाठ केला आणि तीनदा विसरले. त्या शब्दाचा मूळ अर्थ डोक्यावर धारण करणं. वाडगा उचलून किंचित वर नेतात ना, ते त्याचंच उरलेलं रूप. हे बाईंनी हाताने दाखवलं आणि मला आमची आई आठवली, देवळातला प्रसाद तोंडात टाकण्याआधी कपाळाला लावणारी. तक्ता मी त्यानंतर विसरलेले नाही. बाणांची दिशा आता माझ्या मनगटात आहे.

यूट्यूबवर हे दिसतं, कबूल. पण यूट्यूब वाडगा परत मध्ये ठेवत नाही.

एक आक्षेप असाही येतो की परदेशी लोकांना दाखवलेला चहाविधी हा पातळ केलेला, खरा नव्हेच. हा आक्षेप विद्वान मंडळी घेतात. माझे गुडघे गेलेले, जमिनीवर मांडी घालून टाचांवर बसणं अशक्य. मला संकोच वाटला की आपल्यासाठी खुर्ची आणली म्हणजे सगळ्याचा विचका. बाई हसल्या आणि त्यांनी सांगितलं की टेबल-खुर्चीवरचा विधी, त्याला 'र्यूरेई' म्हणतात, १८७२ सालचा आहे. क्योतोला प्रदर्शन भरलं, परदेशी पाहुणे येणार, त्यांना खाली बसता येणार नाही, म्हणून उरासेनके घराण्याचे अकरावे गुरू गेनगेनसाई यांनी तो मुद्दाम बसवला. दीडशे वर्षं झाली त्याला. ज्यांची परंपरा त्यांनीच अडखळणाऱ्या पाहुण्यासाठी जागा करून ठेवली आहे, आणि आपण इकडे बसून तिच्या शुद्धतेची काळजी करतो.

कानाझावाबद्दल दोन शब्द सांगते, कारण हे सगळं कुठेही होत नाही. जपानच्या पश्चिमेकडच्या समुद्राजवळचं हे गाव, इशिकावा प्रांताची राजधानी. १५८३ साली माएदा तोशिइए इथल्या किल्ल्यात आला आणि पुढे जवळजवळ तीनशे वर्षं त्याच्या घराण्याचं राज्य राहिलं. दहा लाख कोकु तांदळाचं संस्थान, शोगुनच्या खालोखाल श्रीमंत. एवढ्या श्रीमंतीचा शोगुनला संशय येऊ नये म्हणून त्यांनी पैसा शस्त्रांऐवजी कलांवर उधळला असं म्हणतात. आपल्याकडच्या संस्थानिकांनी गवई पोसले तसं. १६६६ साली पाचव्या माएदांनी क्योतोहून चहाचा गुरू बोलावला, त्याच्यासोबत एक कुंभार आला, आणि त्या कुंभाराची ओही नावाची भांडी त्या घराण्यात अजून घडतात. महायुद्धात या गावावर मोठे बाँबहल्ले झाले नाहीत, म्हणून जुन्या गल्ल्या शाबूत. इथे आकाशातून नोह नाटकाची गाणी पडतात अशी म्हण आहे, कारण झाडावर चढून छाटणी करणारा माळीसुद्धा गुणगुणायचा. आणि जेवणाचा डबा विसरलात तरी छत्री विसरू नका, हीसुद्धा तिथलीच शिकवण. जुलैत ती मी दोनदा विसरले आणि दोनदा भिजले.

दुसरे माझे आवडते, अक्षरांचे गुरुजी. त्यांच्या तासाला पहिली वीस मिनिटं नुसती शाई उगाळायची. दगडावर थोडं पाणी, त्यावर शाईची कांडी, सहाणेवर गंध उगाळतो तसं. अमेरिकेचा एक पोरगा दुसऱ्या दिवशी विचारता झाला की बाटलीतली तयार शाई मिळते ना? मिळते, गुरुजी म्हणाले, आणि उगाळत राहिले. मग एकच अक्षर, 'चिरंतन' या अर्थाचं. त्यात ब्रशचे आठ मूलभूत फटकारे सगळे येतात म्हणून परंपरेने शिकणारे त्याच्यापासून सुरुवात करतात. रेघ कुठे थांबवायची, कुठे उसळवायची, कुठे ओढत ओढत हवेत सोडून द्यायची. आणि एकदा काढलेल्या रेघेवरून पुन्हा ब्रश फिरवायचा नाही. चुकली तर चुकली, नवा कागद घ्या.

मी पाटीवर शिकलेली आणि नंतर टाक-दौतीवर कित्ता गिरवलेली. त्या खोलीत शाईचा वास आला आणि माझी साठ-पासष्ट वर्षं कुठल्या कुठे गेली. पण माझा मुद्दा आठवणींचा नाही. कांजी अक्षरांशी माझं सात वर्षं भांडण होतं. एकसारखी दिसणारी दोन अक्षरं, एकात रेघ खाली थांबते, दुसऱ्यात उसळते, आणि परीक्षेत मी हमखास फसायचे. पाच दुपारी ब्रश धरल्यावर फसणं जवळजवळ थांबलं, कारण डोळा विसरतो तिथे हाताला आठवतं. म्हणजे पुतण्या म्हणतो त्या गुणांच्या हिशेबानेसुद्धा दुपार फायद्याचीच!

आता शाळेवरची तक्रार. त्या तीन आठवड्यांत चहा सहा वेळा, अक्षरं पाच वेळा, आणि बाकीच्या चार दुपारी चार वेगवेगळ्या गोष्टी. एकदा नोहचं गायन, एकदा गोड पदार्थ बनवणं, एकदा डबीवर सोन्याचा वर्ख चिकटवणं, एकदा उन्हाळी किमोनो नेसून बागेत फोटो. बाग म्हणजे केनरोकुएन, जपानच्या तीन नामांकित बागांपैकी एक, आणि त्या दुपारी आम्ही तिथे झाडं सोडून एकमेकांनाच पाहत होतो. वर्खाची डबी सुंदर झाली, जपानचा जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख याच गावात बनतो. पण तो ठोकणारा कारागीर काय म्हणतो ते मला एक अक्षर कळलं नाही, आणि पुन्हा कळण्याची संधीही नव्हती. हे झालं रुखवत. मांडलं, पाहिलं, वा वा केलं, उचललं. पुतण्या ज्याला सहल म्हणतो ती ही, आणि इथे मी त्याच्या बाजूची आहे.

शाळेने कापायचंच होतं तर हे रुखवत कापायचं होतं. त्या चारही दुपारी चहाला द्या, किंवा सगळ्या नोहला द्या, पण एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करू द्या. जपानीत सरावाला 'केइको' म्हणतात, लिहिताना त्याची अक्षरं 'जुन्याचा विचार करणं' अशी आहेत. ती ओळख करून द्यायची गोष्टच नाही. पहिल्या दिवशी चहाच्या खोलीत मला काहीच कळलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी ऐकू लागले. पाचव्या दिवशी काय झालं ते सांगते.

चहा पिऊन झाला की मुख्य पाहुण्याने भांड्यांबद्दल विचारायचं असतं. ही डबी कुठल्या घाटाची, हिची लाख कुठली, असे ठरलेले प्रश्न आणि ठरलेली उत्तरं. पाचव्या दिवशी मुख्य पाहुणी मी. चहापूड ठेवायची काळी लाखेची डबी, तिला 'नात्सुमे' म्हणतात. मी पाठ केल्याप्रमाणे विचारलं. बाई म्हणाल्या, वाजिमाची.

इथपर्यंत पाठांतर. पण वाजिमा हे नाव मला माहीत होतं. कानाझावाहून शंभरेक किलोमीटरवर, नोतो द्वीपकल्पाच्या टोकाशी, लाखकामासाठी प्रसिद्ध. २०२४ च्या १ जानेवारीला तिथे ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला, आगीत तिथल्या जुन्या सकाळच्या बाजाराचा मोठा भाग जळून गेला. मी माझ्या तोडक्या जपानीत विचारलं, ही बनवणारा माणूस बरा आहे ना? बाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग त्या सावकाश, सोप्या शब्दांत सांगत गेल्या. माणूस वाचला. कामाची जागा पडली. तात्पुरत्या घरात राहायला गेला, आणि त्याच सप्टेंबरात अतिवृष्टी होऊन त्या वस्तीतही पाणी शिरलं. लाख वाळायला ओलसर, बंद जागा लागते, ती तात्पुरत्या घरात नसते. त्यामुळे तो काम करत नाही. ही डबी त्याने भूकंपाच्या आधी दिलेली.

मला सगळं कळलं. एक-दोन शब्द सोडले तर सगळं. वर्गात एवढं लांब जपानी बोलणं मला तोवर एकदाही कळलं नव्हतं. आणि बाईंनी ते मला सांगितलं, कारण विचारायची जागा त्या विधीतच करून ठेवलेली होती. परक्या देशातल्या अनोळखी म्हातारीला मी, वर्गात बसून, एरवी हे कशी विचारणार होते? कुठल्या पाठात हा संवाद आहे?

हे शनिवारच्या सहलीत होणार नाही. बसमधून उतरून पहिल्याच दिवशी हे होत नाही.

आता त्या सहीबद्दल. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी आमच्या शाळेत ठरलं की सुलेखनाचा आणि पाठांतराचा तास बंद करायचा आणि त्या वेळी दहावीच्या दृष्टीने जादा सराव घ्यायचा. पालकांची मागणी होती. (हो, तेच शब्द.) मराठी विषयाची प्रमुख म्हणून माझी सही लागत होती. मी केली. विरोध केला नाही, कारण निकाल मलाही हवा होता. निकाल वाढला. पेढे वाटले, मीही खाल्ले.

सातवीत एक मुलगा होता. गणितात भोपळा, इंग्रजीत भोपळा, मराठीत कसाबसा पास. अक्षर मात्र असं, की फळ्यावर सुविचार लिहायला शिक्षक त्याला बोलावत. आठवड्यात तो एकच तास ताठ बसायचा. तास बंद झाल्यावर तो मागच्या बाकावर गेला आणि नववीत शाळा सुटली. तास गेला म्हणून शाळा सुटली असं मी म्हणणार नाही, घरची कारणं होती. पण शाळेत त्याचा म्हणून जो एक तास होता तो मी सही करून काढून घेतला, एवढं खरं. त्या जादा सरावात तो काय करत असे ते मी कधी पाहिलंही नाही.

म्हणून 'विद्यार्थ्यांची मागणी' हे शब्द वाचले की माझा तोल जातो. विद्यार्थी मागणारच. मीसुद्धा पहिल्या दिवशी टाचा दुखत असताना हेच मागितलं असतं. त्या अमेरिकेच्या पोराने पहिल्या आठवड्यात 'हे वगळता येईल का' म्हणून कार्यालयात विचारलं होतं, आणि शेवटच्या दिवशी तोच गुरुजींकडून शाईची कांडी कुठे मिळते त्याचा पत्ता लिहून घेत होता. शेवटच्या दिवशी कोणी विचारलं असतं तर मागणी निराळी निघाली असती. पण प्रश्नावली आम्हाला दुसऱ्या आठवड्यातच भरायला दिली होती.

शाळेला पत्र लिहायला घेतलंय. ईमेल नाही, पत्र, हाताने, जपानीत. ईमेलला 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभार' असं उत्तर येतं, ते मला मागच्या आठवड्यातच येऊन गेलं. मसुदा तयार आहे, चुका पुष्कळ असणार. नात पुढच्या महिन्यात येतेय, तिच्याकडून तपासून घेईन, पण अक्षर माझंच राहील. वर्गातल्या सहा जणांनी आपलीही नावं घाला म्हणून कळवलंय. त्यात तो शाईवाला आहे.

आणि पुतण्याने येत्या रविवारी जरूर यावं. बांबूची रवी आहे, हिरवी पूड थोडी उरली आहे, वाडगा नाही म्हणून आपला खिरीचा घेऊ. त्याची बायकोही येणारच. तिच्या आधी वाडगा उचलायचा असेल तर काय म्हणायचं ते वर लिहिलंय. हात थांबवून म्हणायचं. नाही जमलं तर मी वाडगा परत मध्ये ठेवणार.